नारळ, कट्टी आणि रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन

जळगाव जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, गाड्या तोलण्याच्या भुईकाट्यावर बसणाऱ्या एका विश्वासी (ख्रिस्ती) भावाचं हे प्रकरण. नोकरी-धंदा करणाऱ्यांच्या आमच्या अभ्यासगटात ते बरेच दिवस चर्चेत होतं. त्यांना विचारूनच लिहितोय. नाव, गाव, जिनिंग यांतलं काही देत नाही, ओळख पटेल असे थोडे तपशीलही बदललेत. इथून पुढे त्यांना नुसतं भाऊ म्हणू. काट्यावर येणारे शेतकरी त्यांना तेच म्हणतात.

भाऊ मूळचे नवापूर तालुक्यातले, मावची आदिवासी. त्या पट्ट्यात ख्रिस्ती घर असणं नवलाचं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खान्देशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं आली, मंडळ्या, म्हणजे चर्च, उभ्या राहिल्या, चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय तर आजही पंचक्रोशीला माहीत आहे. भाऊंच्या पाड्यात रविवारी भक्तीला कोण आलं नाही एवढाच प्रश्न असतो. जळगावकडे कामाला आले आणि चित्र उलटलं. अख्ख्या जिनिंगमध्ये ख्रिस्ती ते एकटे. शेठना, मुनीमजींना, हमालांना ते ठाऊक आहे, आणि त्यावरून कोणी कधी वाकडं बोललेलं नाही. हे आधी सांगतो, कारण अशी गोष्ट सुरू झाली की वाचणारा लगेच छळाची वाट बघायला लागतो. इथं छळ नाही.

२०२४ च्या हंगामात दोन प्रसंग एकापाठोपाठ आले. पहिल्यावर मंडळीत मोठा गदारोळ झाला. दुसऱ्याबद्दल मंडळीत कोणी चकार शब्द काढला नाही. मला लिहायचंय ते दुसऱ्याबद्दल, पण पहिला सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

काटापूजन

खान्देशात खासगी कापूस खरेदीचा मुहूर्त गणेश चतुर्थीला होतो. पूर्वहंगामी बागायती कापूस तेवढ्यात थोडाफार फुटलेला असतो. एखाददुसरी गाडी येते, काट्याला हार घालतात, नारळ फुटतो, पहिल्या शेतकऱ्याला टोपी-उपरणं आणि जरा चढा भाव मिळतो, पेपरात फोटो येतो. त्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला होती.

काट्यावरचा माणूस म्हणून नारळ भाऊंनी फोडावा असं धाकट्या शेठना वाटत होतं, त्यात मानच होता. भाऊ आदल्या दिवशीच थोरल्या शेठकडे गेले. त्यांना सगळे नाना म्हणतात. भाऊ म्हणाले, "नाना, काटा मी धुऊन-पुसून तयार ठेवतो. नारळ तुम्ही फोडा. माझ्या हातून ते होणार नाही, आणि का ते तुम्हाला माहीत आहे." नाना म्हणाले, "बरं." विषय तिथं संपला.

जिनिंगमध्ये संपला, मंडळीत नाही. पूजेचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला. त्यात हार घातलेल्या काट्याशेजारी भाऊ उभे, हातात पेढा. पंच कमिटीत विषय निघाला. एक वडील म्हणाले की त्या वेळेला तिथून निघून जायला हवं होतं. दुसरे म्हणाले, पेढा तरी परत करायचा. पुढच्या प्रभुभोजनाला, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला, भाऊंनी बसू नये इथपर्यंत सूर गेला. पाळकसाहेबांनी तो अडवला. त्यांनी बायबलच्या २ राजे, पाचव्या अध्यायातला नामान काढला. कुष्ठ बरं झाल्यावर नामान इस्राएलच्या देवाचा झाला, पण त्याची नोकरी अरामच्या राजाकडेच. राजा रिम्मोनाच्या देवळात वाकला की त्याला हाताचा आधार द्यावा लागणार, म्हणजे सोबत वाकावं लागणार. त्यानं अलीशा संदेष्ट्याला हे आधीच सांगून टाकलं. अलीशानं त्याला नोकरी सोड म्हटलं नाही, शांतीनं जा म्हटलं.

पेढ्याचं १ करिंथ १० मध्ये बऱ्यापैकी सुटतं: बाजारात मिळेल ते खा, खोदून विचारत बसू नका, पण हा नैवेद्य आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी सोडा. भाऊंच्या हातात पेढा ठेवणाऱ्यानं काही सांगितलं नव्हतं. तो त्यांनी खाल्लाही नव्हता, खिशात घालून पोरीला नेला. त्यावरही दहा मिनिटं चर्चा झाली, असं ऐकतो.

माझं मत विचाराल तर भाऊंनी नेमकं जे करायला हवं होतं तेच केलं. आदल्या दिवशी, एकांतात, कारण सांगून, समोरच्याचा मान ठेवून. ऐन मुहूर्तावर तोंड फिरवून निघून जाणं हा विश्वास नाही, तो अपमान झाला असता.

काटा कसा मारतात

आता दुसरा प्रसंग. त्यासाठी काम समजून घ्यायला लागेल.

कापसाची ट्रॉली आली की आधी भरलेल्या गाडीचं वजन होतं. मग ती आत जाऊन रिकामी होते आणि परत काट्यावर येते. भरलेल्यातून रिकाम्याचं वजन वजा केलं की निव्वळ कापूस. त्यातून कट्टी जाते. कट्टी म्हणजे धूळ, माती, ओल या नावाखाली क्विंटलमागे किलो-दीड किलोची सरसकट कपात. ती सगळ्यांना माहीत असते, शेतकरी शिव्या घालत सोसतो.

दुसरी गोष्ट कोणाला माहीत नसते. भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढला की खिडकीतून हाक जायची: "या, नाव-गाव सांगा." ड्रायव्हर उतरून खिडकीशी यायचा, तेवढ्यात वजन घेतलं जायचं. रिकामा ट्रॅक्टर आला की, "बसूनच राहा भाऊ, मागं रांग लागली आहे," आणि पावती वर हातात. बस, एवढंच. रिकाम्या गाडीच्या वजनात ड्रायव्हरचे साठ-सत्तर किलो जोडले गेले, म्हणजे तेवढा कापूस शेतकऱ्याच्या नावावरून गेला. भाव सात हजार धरला तर साठ किलोचे चार हजार दोनशे रुपये. पंचवीस क्विंटलच्या ट्रॉलीवर एक किलोची कट्टी साडेसतराशेचीच होते. ज्या कपातीला लोक शिव्या घालतात तिच्या दुपटीहून जास्त रक्कम अशी जात होती.

या सगळ्यात यंत्राला कोणी हात लावलेला नाही. वैधमापन खात्याचा शिक्का जागेवर आहे, वर्षाची पडताळणी झालेली आहे, आकडा खरा आहे. खोटी आहे ती फक्त हाक मारण्याची वेळ.

भाऊंना हे आधीच्या मापाऱ्यानं कामाची रीत म्हणूनच शिकवलं होतं, आणि सुरुवातीला त्यांच्या लक्षातही आलं नाही. हंगाम संपल्यावर मुनीमजींनी पाकीट दिलं तेव्हा आलं. हिशेबापेक्षा जास्त निघालेल्या मालाला धंद्यात वाढावा म्हणतात. त्या वाढाव्यातला मापाऱ्याचा वाटा पाकिटात असतो. पाकीट त्यांनी घेतलं. पोरीची फी भरली. आणि या माणसाची सवय अशी की हातात आलेल्या प्रत्येक पैशाचा दशमांश मंडळीसाठी निघतोच. तसा त्याचाही निघाला. म्हणजे पेढ्यावरून चर्चा करणाऱ्या मंडळीच्या दानपेटीत शेतकऱ्याच्या कापसाचे पैसे आधीच पोचलेले होते.

मी मंडळीवर टीका करण्यासाठी हे लिहीत नाही. पंच कमिटीतले लोक शिक्षक, रेल्वेतून निवृत्त झालेले, एक दवाखान्यातले. भुईकाट्यावर काय चालतं हे त्यांना कोण सांगणार? आपण रविवारी एकमेकांच्या तब्येतीची विचारपूस करतो, आजारपणासाठी प्रार्थना करतो. तू दिवसभर नेमकं काय करतोस, त्यात कुठं अडतं, हे विचारतच नाही. मग नारळ दिसतो, कारण त्याचा फोटो निघतो. रिकाम्या ट्रॅक्टरच्या वजनाचा फोटो कोणी काढत नाही.

शास्त्राला मात्र काटा फार जवळचा आहे. लेवीय १९ मध्ये खरं माप आणि खरी वजनं ठेवण्याची आज्ञा आहे. अनुवाद २५ मध्ये थैलीत एक मोठं आणि एक लहान अशी दोन वजनं ठेवायला मनाई आहे. नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा देवाला वीट येतो असं म्हटलंय. आमोस तर आठव्या अध्यायात व्यापाऱ्यांच्या तोंडचंच ऐकवतो: सण कधी संपतो आणि आपण माप लहान करून माल कधी विकतो! शब्बाथ पाळायचा आणि दुसऱ्या दिवशी काटा मारायचा, हा प्रकार तेव्हाही होता.

नोकरी सोडायची का?

गटातल्या तरुणांचं पहिलं उत्तर हेच होतं. सोडा, प्रभू पुरवेल. असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पगार सरकारी आहेत, हे मला नोंदवावंसं वाटतं.

लूक ३ मध्ये जकातदार बाप्तिस्म्यासाठी योहानाकडे येतात आणि आम्ही काय करावं म्हणून विचारतात. त्या काळी जकातदारीइतका बदनाम धंदा नव्हता. योहान नाका सोडायला सांगत नाही. ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणतो. म्हणजे त्याच नाक्यावर, त्याच खुर्चीत बसून काम वेगळं करा. सोडण्यापेक्षा हे अवघड. भाऊ सोडून गेले असते तर दुसऱ्या दिवशी त्या खिडकीत दुसरा माणूस बसला असता आणि हाक त्याच वेळेला गेली असती.

भाऊंनी काय करायचं ते गटात येण्यापूर्वीच ठरवलं होतं, आणि मला त्यांची वेळ आवडली. पूजा झाली, पेढे वाटून झाले, पाहुणे गेले. नाना काट्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते. भाऊ म्हणाले, "नाना, आज काट्याची पूजा केली. उद्यापासून ड्रायव्हर दोन्ही वेळेस खाली उतरवू का?"

नाना लगेच काही बोलले नाहीत. त्यांना ही रीत माहीत होती की मुनीमजींनीच चालवली होती, हे भाऊंनाही आजवर कळलेलं नाही. शेवटी ते म्हणाले, "मुनीमला विचार." भाऊंनी मुनीमजींकडे दसऱ्यापर्यंतची मुदत मागितली. आवक कमी असते, नुकसान झालं तरी थोडकं, तेवढे दिवस करून बघू, नाही जमलं तर बोलू. दानीएलनंही बाबेलच्या कारभाऱ्याशी भांडण केलं नव्हतं. दहा दिवस आम्हाला शाकभाजी देऊन पाहा एवढंच मागितलं होतं. नकार देण्यापेक्षा चाचणी मागणं समोरच्यालाही झेपतं.

इथं आमच्या गटातल्या बायकांनी एक मुद्दा काढला, जो आम्हा पुरुषांच्या डोक्यातच आला नव्हता. पाकीट बंद होणार हे भाऊंना माहीत होतं, मग घरी विचारलं का? नव्हतं विचारलं. त्यांच्या पत्नी नंतर म्हणाल्या, "मी नाही म्हटलं नसतं. पण पोरीच्या शाळेत फीसाठी मुदत मागायला मला जावं लागलं, तुम्हाला नाही." साक्ष एकाची आणि खर्च दुसऱ्याचा, असं आपल्या घरांमध्ये बऱ्याचदा होतं. हमालांचंही तेच. वाढाव्यातून त्यांना दिवाळीला काहीतरी मिळायचं, ते थांबलं. एका हमालानं विचारलं, "भाऊ, तू आमना शे का त्यासना?" त्याला उत्तर देणं सोपं नव्हतं, आणि भाऊंनी दिलंही नाही.

मुनीमजींची बाजू

दसरा १२ ऑक्टोबरला झाला. तोवर सगळं सुरळीत. दिवाळीनंतर आवक वाढली आणि मुनीमजींच्या वहीत खड्डा दिसायला लागला.

तो खड्डा खरा होता. शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. कापूस ओला असेल तर वाळताना वजन जातं आणि घट वाढते. शेतकरी ओला कापूस आणतात. काही जण तर मुद्दाम पाणी मारतात, तळाशी कवडी, म्हणजे हलका किडका कापूस, भरतात आणि वर पांढराशुभ्र थर देतात. मुनीमजींचं म्हणणं असं: "ते पाणी विकतात, आम्ही पाण्याचं वजन काढतो. यात पाप कसलं?"

हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. पण त्यात एक भोक आहे. पाणी मारणाऱ्याचे साठ किलो जातात आणि उन्हात वाळवून आणणाऱ्याचेही साठच जातात. म्हणजे चोराचा दंड सावाकडून वसूल होतो, आणि पुढच्या वर्षी सावही पाणी मारायला शिकतो.

भाऊंनी सुचवलं की ओल मोजायची असेल तर ओलच मोजू. मीटर होता, वापरात नव्हता. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर आठ टक्के ओल प्रमाण धरतात, बारापर्यंत त्या हिशेबानं कपात करून घेतात, त्यापुढे माल परत. तसंच इथं करायचं: प्रत्येक ट्रॉलीत दोन-तीन ठिकाणी मीटर लावायचा, आकडा शेतकऱ्याला दाखवायचा, भाव त्याप्रमाणे. धाकट्या शेठना पटलं, कारण त्यांना रुईचा दर्जा सांभाळायचा होता.

आता इथं खरं तर लिहायला हवं की शेतकरी खूश झाले आणि गाड्यांची रांग लागली. तसं झालं नाही. न दिसणारे चार हजार गेलेले चालायचे. डोळ्यांसमोर मीटर बघून क्विंटलमागे दोनशे कापलेले चालेनात. त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव ७५२१ रुपये होता आणि खुल्या बाजारात त्याहून कमीच मिळत होतं, त्यामुळे आधीच सगळे चिडलेले. काही गाड्या शेजारच्या जिनिंगला गेल्या. तिथं भाव पन्नास रुपये जास्त, मीटर नाही, आणि रिकाम्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर बसलेला. वाळवून आणणारे मात्र टिकले, आणि त्यांतल्या काहींनी भाऊबंदांच्या गाड्या आणल्या. नफा-तोटा शेवटी काय झाला ते शेठ सांगत नाहीत. भाऊ काट्यावर राहिले, एवढं कळतं.

आधी घेतलेल्याचं काय?

गटात सगळ्यात जास्त वेळ यावर गेला. पाकिटाचे पैसे भाऊंच्या मनात सलत होते. बायबलमधल्या जकातदार जक्कयानं चौपट परत करीन म्हटलं, पण जक्कयाला आपण कोणाला लुटलं हे माहीत होतं. इथं शेकडो गाड्या.

एकानं गणना ५ काढलं. तिथं नियम असा आहे: अपराध कबूल करावा, भरपाई करून वर पाचवा हिस्सा द्यावा; आणि घ्यायला कोणी नातलगच नसेल तर ती भरपाई परमेश्वराची, म्हणजे याजकाकडे. यावरून दोघा-तिघांनी पैसे मंडळीला देऊन टाकायला सांगितलं. मी विरोध केला. तो नियम माणूस सापडत नसेल तेव्हाचा. इथं पावत्या आहेत, नाव, गाव, गाडी नंबर सगळं लिहिलेलं आहे. सगळे सापडणार नाहीत, काही सापडतील. जो सापडू शकतो त्याला शोधायचा कंटाळा करून दानपेटीत टाकणं म्हणजे देवाला मध्ये घालून सुटका करून घेणं.

शेठच्या वह्या चाळायचा अधिकार भाऊंना नव्हता, तो त्यांनी मागितलाही नाही. सगळ्या रकमेची भरपाई त्यांच्या आवाक्यातली नव्हतीच, ती गेली जिनिंगकडे. त्यांनी फक्त आपल्या पाकिटातलं बघितलं. दोन जवळच्या गावांतले जे शेतकरी तोंडओळखीचे होते, ज्यांच्या गाड्या पक्क्या आठवत होत्या, त्यांच्याकडे ते थोडे-थोडे पैसे घेऊन गेले. मालकाचं नाव पुढे न करता, "माझ्या हातून तुमच्या वजनात चूक होत होती," एवढंच बोलायचं ठरलं होतं.

बहुतेकांनी संशयानं बघितलं. एकाला वाटलं निवडणुकीचं काहीतरी आहे. एक म्हातारे आबा होते, त्यांनी नोट हातात घेऊन उलटसुलट केली आणि हसले. "माले ठाऊक व्हतं भो. म्हनीसनच मी पानी मारीसन आनस."

भाऊंनी विचारलं, आता मीटर लावल्यावर? आबा म्हणाले, आता काय, आता वाळवून आणावा लागतो, पोरं कुरकुर करतात. पैसे त्यांनी ठेवून घेतले.

उरलेली रक्कम भाऊंनी जिनिंगच्या हमालांच्या दिवाळीत घातली. गटातल्या काहींना ते पटलं नाही, कारण हमाल काही लुटले गेले नव्हते. मला ते पटलं. भाऊंच्या निर्णयाची किंमत हमालांनी न विचारता मोजली होती.

सध्याची स्थिती

२०२५ च्या चतुर्थीलाही नारळ नानांनीच फोडला. भाऊ बाजूला उभे होते, त्या वर्षी पंच कमिटीत विषय निघाला नाही. ड्रायव्हर दोन्ही वेळेस उतरतो, तो आता काट्याचा नियम झालाय आणि खिडकीवर तसा कागद चिकटवलाय. कट्टी मात्र गेलेली नाही. अर्ध्या किलोवर आली आहे आणि पावतीवर छापून येते. ती छापलेली पावती भाऊंच्याच हातानं निघते, आणि त्यांचं म्हणणं, मीटर लावल्यावर वेगळी कट्टी कशासाठी? गटात दोन मतं आहेत. काही म्हणतात, उघड सांगितलेली कपात हा सौदा आहे, चोरी नाही. शेतकऱ्याला पटत नसेल तर त्यानं गाडी वळवावी. मी म्हणतो, गाडी वळवायला डिझेल लागतं आणि सगळ्या जिनिंगमध्ये कट्टी असेल तर वळवून जायचं कुठं.

पुढच्या बैठकीला मुनीमजींनाच बोलावू, असं भाऊंनी सुचवलंय. ते यायला तयार आहेत. फक्त रविवारी सकाळी नको म्हणाले, त्या वेळेला ते आठवड्याचा जमाखर्च लावतात.